जाळण्याच्या लायकीची होडी

टांगविका गावात माणसाने काहीही करावं, पण स्वतःच्या वस्तूची स्तुती करू नये. चोरी केली तर लोक दोन-चार वर्षांत विसरतात. पण "आमचा नवा धक्का काय झकास झालाय बघा" असं एकदा बोलून गेलेल्या माणसाच्या नातवालासुद्धा अजून 'धक्केवाल्यांचा' म्हणतात. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरची सगळीच गावं थोडीफार अशी, पण टांगविकाने या बाबतीत हद्द केली आहे.

आणि गंमत म्हणजे याच गावात घरटी एक शिडाची होडी!

आता होडी म्हटली की अभिमान आलाच. तो पोटात किती दिवस दाबून ठेवणार? म्हणून गावाने एक युक्ती काढली. आपण आपल्या होडीला नावं ठेवायची, म्हणजे समोरच्याला तिची स्तुती करावीच लागते.

"कसली होडी, गळकी टोपली आहे नुसती."

"काय बोलतोस! केवढी देखणी आहे!"

"छे, तुझ्या होडीपुढे काहीच नाही."

"माझी? ती बुडत नाही एवढंच तिचं कर्तृत्व."

असं कॉफी गार होईपर्यंत चालतं, आणि दोघंही फुशारून घरी जातात.

या कलेतला उस्ताद म्हणजे तिरिलचा बाबा, ओडवार. पोटापाण्यासाठी तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा आणि उरलेला जन्म सोलेईवर घालवायचा. सोलेई म्हणजे त्यांची होडी. एका पिवळ्या रानफुलाचं नाव तिला ठेवलेलं. लाकडी, अंगावर फळीवर फळी चढवलेली, नाकाशी अशी वळलेली की कुणी आत्ताच हाक मारली म्हणून मान वर करून बघतेय. तिची कुणी तारीफ केली की बाबाचं वाक्य ठरलेलं असायचं : "ही? ही फक्त सांक्तहान्सच्या होळीत टाकायच्या लायकीची."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्यावरूनच पेटणार आहे. सांक्तहान्सच्या संध्याकाळी, जूनमध्ये, किनाऱ्यावर मोठी होळी पेटते आणि तिच्या माथ्यावर गावातली एखादी थकलेली लाकडी होडी चढवतात. म्हाताऱ्या होडीला मानाने निरोप द्यायचा. म्हणजे बाबा नुसतं काहीतरी बोलत नव्हता. गावात ज्याला खरोखर अर्थ आहे असं काहीतरी बोलत होता. इतकी वर्षं, रोज.

तिरिलचं त्या वसंतात पंधरावं संपलं होतं आणि आदल्या उन्हाळ्यात दीपस्तंभाच्या पलीकडून, चांगला वारा असताना, सोलेईला एकटीने परत आणल्यापासून तिला आपले खांदे दोन बोटं रुंद झाल्यासारखे वाटत होते. अशा खांद्यांच्या मुलीला प्रश्न पडतातच. तिला पडलेला प्रश्न सरळ होता : होडीच्या मालकाला होडीचा अभिमान असावा की नसावा?

"बाबा, तुला सोलेईचा अभिमान आहे का रे?"

बाबा तेव्हा किनाऱ्यावर सोलेईच्या पोटाखाली आडवा पडून तिचे तांब्याचे खिळे दात घासायच्या ब्रशने घासत होता. स्वतःच्याच ब्रशने.

"अभिमान? होडीचा? अगं, होडी म्हणजे लाकूड. लाकडाचा कसला अभिमान?"

"मग माझ्या वाढदिवसाच्या केकला तू उशिरा का आलास?"

"वल्ह्यांवरचा वार्निशचा हात ओला होता," बाबा म्हणाला. जणू यापुढे बोलण्यासारखं काही उरतच नाही.

तिरिलने मग गावाची चौकशी सुरू केली. पहिल्यांदा तिची गाठ पडली गुनवोरमावशीशी. गुनवोरमावशी सत्तरीची, किनारा समितीची अध्यक्ष. निवडून कधी आली ते कुणालाच आठवत नव्हतं. धक्क्यावर आपटू नये म्हणून होडीच्या कडेला जे रबरी गोळे टांगतात, त्यांना तिने लोकरीची झबली विणून घातली होती. लाल-पांढरी, प्रत्येकावर होडीचं नाव.

"अभिमान? मला? ते उरलेल्या लोकरीचं काहीतरी केलंय गं. माणसाने अभिमान धरावा तो मुलांचा, आणि तोही मुलं झोपल्यावर."

मग स्टाइनारकाका. त्याची होडी नवीकोरी, प्लास्टिकची, इतकी पांढरी की तिच्याकडे बघायला बाबाच्या दुकानातला काळा चष्मा लागायचा.

"सवलतीत मिळाली बघ," तो ओशाळून म्हणाला. "घ्यायची नव्हतीच. पण विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघवेना." आणि बोलता बोलता, तिरिलने जिथे हात टेकवला होता तिथला ठसा त्याने बाहीने पुसून टाकला.

तिरिल विचारात पडली. सगळ्यांना अभिमान होता, हे तर लख्ख दिसत होतं. पण तोंडातून बाहेर न पडलेला अभिमान हा अभिमानच असतो, की ती दाढदुखीसारखी एक खासगी तक्रार असते? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या होडीबद्दल जन्मभर वाईटच बोललं जातं तिला काय वाटत असेल? (तिरिल शास्त्र विषयात हुशार होती. होडीला काही वाटत नाही हे तिला माहीत होतं. तरी.)

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते दुगनाडच्या बैठकीत.

दुगनाड म्हणजे सगळ्या गावाने मिळून फुकट करायचं काम, आणि त्याला नाही म्हणणं म्हणजे आपल्या हाताने आपलं नाव गावातून खोडणं. बैठकीला जो येत नाही त्याच्या गळ्यात सगळ्यात अवघड काम पडतं, हाही नियमच. त्या दिवशी बाबा आला नव्हता. बाकी सगळ्यांच्या होड्या मे महिन्यातच पाण्यात गेल्या होत्या, पण त्याची सोलेई अजून किनाऱ्यावर उघडीवाघडी पडून होती. सगळा जुना रंग आणि वार्निश त्याने खरवडून काढलं होतं. आणि नवा हात द्यायचा तर कधी हवा दमट, कधी झाडांचे परागकण उडताहेत, कधी ब्रशच मनासारखा नाही. तिरिल मात्र बैठकीला गेली होती, कारण तिथे गरमागरम, गोड वाफल खायला मिळतात.

"यंदाही होडी नाही," गुनवोरमावशी उसासा टाकून म्हणाली. "नगरपालिकेचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. रंग दिलेलं लाकूड जाळायचं नाही. विषारी धूर. दोन वर्षं आपण नुसती खोकी जाळतोय. ही काय सांक्तहान्सची होळी झाली? कुणी घर बदलतंय असं वाटतं."

सगळे खिन्न झाले. मग स्टाइनारकाका हळूच म्हणाला, "ओडवारची सोलेई आहे की. एक कणभर रंग नाही तिच्यावर."

मावशीने हात छातीवर ठेवला.

"म्हणजे जून अर्धा झाला तरी होडी पाण्यात का नाही, ते हे! बिचाऱ्याने गावासाठी खरवडून ठेवली, आणि बोलला नाही कुणाला. तिरिल, तुझा बाबा म्हणतो ना गं, होळीत टाकायच्या लायकीची आहे म्हणून?"

तिरिलच्या तोंडात तेव्हा अख्खा वाफल होता, वर तपकिरी चीजचा जाड काप.

"म्हन्तो," ती म्हणाली. "रोज म्हन्तो."

पुढे 'पण त्याच्या मनात तसं नाही' हे तिला जोडायचं होतं. पण तपकिरी चीज टाळूला चिकटतं हे ज्यांनी खाल्लंय त्यांना माहीत आहे. घास खाली उतरेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या.

ती धावत घरी गेली. बाबा माशाचं सूप ढवळत होता. तिने सगळं एका दमात सांगितलं. बाबा ऐकत राहिला, डाव हातात तसाच.

"अस्सं," तो म्हणाला.

टांगविकात भूकंप झाला तरी माणसं 'अस्सं'च म्हणतील. पण सूप उतू गेलं तरी तो ढवळतच राहिला, तेव्हा तिरिलनेच पुढे होऊन शेगडी बंद केली.

"अरे, मग जा आणि नाही म्हण त्यांना!"

"काय म्हणू? माझी होडी फार सुंदर आहे, ती जाळू नका, असं? स्वतःच्या तोंडाने?"

"हो!"

"तिरिल, आपल्याला याच गावात राहायचंय."

आई, मारित, टेबलाशी बसून बटाटे सोलत होती आणि तिचे खांदे हलत होते. रडतेय असं वाटून तिरिल जवळ गेली, तर आई हसत होती.

"याच्याकडून चांगला शब्द काढायचा म्हणजे खडकातून लोणी काढायचं," आई म्हणाली. "आमची ओळख झाली तेव्हा सबंध संध्याकाळ माझ्याकडे बघून शेवटी म्हणाला, 'वाईट नाही.' घरी आईने विचारलं, पोरगा काय म्हणाला? मी म्हटलं, मागणी घातली!"

बाबा लाल झाला आणि फडक्याने शेगडी पुसू लागला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने सुटकेचे प्रयत्न सुरू केले. सगळे आडवळणाने, होडीचा एकही गुण तोंडातून न निसटू देता. आधी तो मावशीकडे गेला.

"गुनवोरताई, लाकूड फार ओलं आहे हो. पेटायचं नाही. लोकांचा विरस होईल."

"त्याची नको काळजी करूस," मावशी म्हणाली आणि तासाभरात चार माणसं पाठवून तिने सोलेईवर ताडपत्री टाकली, बाजूने वारा खेळेल अशी. आल्यागेल्याने मग सल्ला द्यायला सुरुवात केली. कुणी म्हणालं पोटात वाळकं गवत भर, कुणी म्हणालं नाकाकडून पेटव म्हणजे शेवटी डोलकाठी पडताना छान दिसते. एकाने तर बाबाच्या पाठीवर थाप मारली. "तुझं मन मोठं, ओडवार." बाबा म्हणाला, "छे छे, कसलं मोठं." सवयच ती.

मग तो स्टाइनारकडे गेला. "खिळे आहेत रे शेकड्याने. राखेत राहतील, पोरांच्या पायात जातील."

"मी सकाळी उठून एकेक वेचतो," स्टाइनार म्हणाला. "तुला एक सांगू? या उन्हाळ्यात तू माझ्या होडीवर ये. कधीही. तुझीच समज."

त्या पांढऱ्याफटक प्लास्टिकवर बसलेल्या स्वतःची कल्पना करून बाबा रात्री जेवला नाही.

शेवटची आशा नगरपालिका. टांगविकाच्या नगरपालिकेत पत्र्याच्या शेडची परवानगी मिळेपर्यंत शेडमध्ये ठेवायची वस्तू गंजून जाते, हा सगळ्यांचा अनुभव. बाबा अग्निशमन कार्यालयात जाऊन फार गंभीरपणे म्हणाला, "होडीवर रंग राहिला असण्याची शक्यता आहे. कसून तपासणी व्हायला हवी. घाई अजिबात करू नका."

तपासनीस बाई त्याच दुपारी आल्या. गावाच्या इतिहासात असं पूर्वी घडलं नव्हतं.

त्यांनी गुडघे टेकले, चष्मा लावला (बाबाच्याच दुकानातला) आणि सोलेईच्या अंगावरून बोट फिरवलं. आणि थांबल्या. "इतकं स्वच्छ खरवडलेलं लाकूड मी आजवर पाहिलं नाही."

तिरिल बाबाकडे बघत होती. त्याचा चेहरा एकाच वेळी फुलला आणि पडला. हे कसं होऊ शकतं ते तिला तोवर माहीत नव्हतं.

"नीट बघा ना," तो म्हणाला. "फळ्यांच्या फटीत असेल."

बाईंनी चाकूचं टोक घालून बघितलं. "नाही."

"खिळ्यांच्या डोक्याखाली?"

"खिळे तर घासून लख्ख केलेत तुम्ही. ब्रश कुठला वापरलात?"

बाबाने ब्रश सांगितला नाही. परवानगी जागच्या जागी मिळाली.

"मी आत्ता जाऊन मावशीला सगळं सांगते," तिरिल घरी येऊन ओरडली. आईने तिला दारात अडवलं.

"तू बोललीस तर होडी वाचेल. पण जन्मभर हा म्हणत राहील, 'पोरीने हट्ट धरला म्हणून ठेवलीय.' ज्याची होडी त्याने बोलावं."

"आणि नाहीच बोलला तर?"

आई या वेळी हसली नाही. "तर मग नाही," ती म्हणाली, आणि तिरिलला कळलं की आईलाही भीती वाटतेय.

सांक्तहान्सच्या दिवशी दुपारी होळी रचली गेली. बाबा दुकानातून परतला तो वाटेवरच थांबला, कारण गावातली माणसं त्याची सोलेई उचलत होती. एका कोपऱ्याला माणूस कमी पडत होता आणि होडी कलत होती.

इथे दुसरा कुणी असता तर ओरडला असता. बाबा पळत गेला आणि त्याने तो कोपरा धरला. दुगनाड म्हणजे दुगनाड. काम चाललंय आणि आपण बघत उभे, हे त्याच्या हाडांना जमणारच नव्हतं. तो नुसता उचलायलाच लागला नाही, सूचनाही द्यायला लागला.

"स्टाइनार, तिथून नको, ती फळी नाजूक आहे! हळू, हळू! खाली काहीतरी मऊ घाला, तळाला ओरखडे पडतील!"

"अरे, पण जाळायचीच आहे ना?" स्टाइनार धापा टाकत म्हणाला.

"म्हणून काय ओरखडे पाडायचे?"

स्टाइनारने आपलं जाकीट काढून खाली घातलं. सोलेई होळीच्या माथ्यावर बसली. डोलकाठी उभी, नाक समुद्राकडे. तिथेही ती कुणीतरी हाक मारल्यासारखी बघत होती. तिरिलने घरून पाण्याची बादली आणून एका खडकाआड लपवली. तेवढ्याने काही होणार नाही, हे शास्त्रात हुशार मुलीला सांगायला नको. तरी.

संध्याकाळी, ऊन अजून पाण्यावर असतानाच, सगळं गाव जमलं. आंबट सायीची लापशी वाटून झाली, कोळंबी सोलून झाली, एका आजोबांनी पेटीवर दोन गाणी वाजवली. गुनवोरमावशीने पेटता पलिता बाबाच्या हातात दिला.

"होडी ज्याची, पहिला मान त्याचा. ओडवार, तिच्याबद्दल दोन शब्द बोल आणि लाव."

बाबा पुढे झाला. त्याने होडीकडे बघितलं. मग पलित्याकडे. सगळे त्याच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होते. काही जण तर आधीच हसायच्या तयारीत होते. तिरिलचा हात बादलीच्या कडीवर होता.

"ही होडी," बाबा म्हणाला. थांबला. घसा साफ केला. "ही होडी... फक्त..."

पुन्हा थांबला. पलिता तडतडला. एक ठिणगी उडून वाळक्या गवतावर पडली आणि बाबाने ती बुटाने अशी काही चिरडली की शेजारची कोळंबीची ताटली उडाली.

"ही होडी वाईट नाही," तो म्हणाला.

समुद्रसुद्धा क्षणभर थांबला असावा.

मागे कुणाच्या तरी हातातला चमचा पडला. आईने तोंडावर हात धरला. टांगविकात सगळ्यांना 'वाईट नाही'चं वजन माहीत आहे. अशी वाक्यं लोक इथे लग्नाला आणि मरणाला वापरतात. आणि बाबाने ते सगळ्या गावासमोर, स्वतःच्या होडीबद्दल वापरलं होतं. तो शेंदरासारखा लाल झाला होता.

गुनवोरमावशी ताडकन उठली. "अरे मूर्खा! मग आजवर बोलला का नाहीस? उतरवा रे, उतरवा आधी ती!"

चढवताना लागली होती त्याच्या दुप्पट माणसं उतरवायला धावली. ओरखडा एकही पडला नाही.

पण होळी रिकामी राहिली. सगळी तयारी, परवानगी, पेटता पलिता, आणि वर जाळायला होडी नाही. मावशीने कमरेवर हात ठेवून गावावरून नजर फिरवली.

"आता दुसरी कुणाची आहे? परवा कोण म्हणत होतं, माझी होडी म्हणजे गळकी टोपली?"

ज्याने म्हटलं होतं त्याच्या घशात कोळंबी अडकली. "माझी? छे! माझी होडी उत्तम आहे! थेंबभर पाणी घेत नाही!"

"माझीही मजबूत आहे!" शेजारचा ओरडला. "अजून पन्नास वर्षं टिकेल!"

"माझ्यासारखी वळणारी होडी या खाडीत नाही!"

"माझा धक्कासुद्धा झकास आहे!" हा आवाज धक्केवाल्यांच्या नातवाचा होता, आणि तो बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग जो तो ओरडू लागला. होड्या, वल्ही, बाकं, अंगणातली कपाटं, जे जे लाकडाचं होतं त्याची वाहवा सुरू झाली. टांगविकाच्या शेकडो वर्षांत झाली नसेल एवढी आत्मस्तुती त्या पाच मिनिटांत झाली. स्टाइनारकाकाची होडी तर प्लास्टिकची, तिला कसलाच धोका नव्हता, तरी तो सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, "सवलतीत नव्हती! पूर्ण किंमत देऊन घेतलीय! मला फार आवडते ती!" आणि ओरडून झाल्यावर एकदम हलका होऊन वाळूत बसला. गुनवोरमावशीचा आवाज त्या कल्लोळात शेवटी आला : "आणि ती लोकर उरलेली नव्हती! मुद्दाम आणली होती!"

त्या वर्षीही शेवटी खोकीच जळली. पण गाव सांगतं, इतकी छान होळी आजवर झाली नव्हती. म्हणजे मोठ्याने नाही सांगत. 'वाईट नव्हती' म्हणतं.

तिरिलला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? अर्धं मिळालं. अभिमान सगळ्यांना असतोच. तो असावा की नसावा हे विचारण्यात अर्थ नाही. पण होडीवर पलिता येईपर्यंत तो पोटात ठेवायचा नसतो, एवढं तिने ठरवून टाकलं. उरलेलं अर्धं तिला जुलैत मिळालं.

सोलेईला शेवटी वार्निश लागलं होतं आणि ती पाण्यात होती. सुकाणू तिरिलच्या हातात, बाबा पुढे, आई मधे गरम कॉफीचा थर्मास सांभाळत. शेजारून एक परदेशी जोडपं मोटरबोटीतून चाललं होतं. त्यातल्या बाईने हात हलवून हाक दिली, "काय सुंदर होडी आहे हो तुमची!"

बाबाचं तोंड उघडलं. "ही?" तो म्हणाला. "ही फक्त..."

आईने थर्मास खाली ठेवला. तिरिलने श्वास धरला.

बाबाने मोठा आवंढा गिळला. जबडा हलवला. एखादा जड नांगर तळातून उपसून काढावा तसा त्याने तो शब्द बाहेर ओढला.

"आभारी आहे," तो म्हणाला, आणि तिथेच मटकन खाली बसला.

"पाणी देऊ का रे?" आईने विचारलं.

"नको," बाबा कपाळ पुसत म्हणाला. मग बराच वेळ तो आईकडे बघत राहिला, आईचे केस वाऱ्यावर उडत होते. "मारित," तो म्हणाला, "तूही... म्हणजे... तूसुद्धा..."

"कळलं," आई म्हणाली. "एका दिवशी सगळं नको, झेपायचं नाही."

तिरिलने शीड थोडं सोडलं आणि होडी दीपस्तंभाकडे वळवली.